'वयच असं आहे' म्हणून सोडून दिलेल्या मुली

रानजाई (धागाकर्ती)

मी शाळेत समुपदेशक आहे. माझ्या खोलीत येणाऱ्या मुली सहसा आपणहून येत नाहीत. रोज तिसऱ्या तासाला डोकं दुखतं म्हणून कुणाला बाईंनी पाठवलेलं असतं, कुणाचे मार्क एका सत्रात धाडकन उतरलेले असतात, कुणी साधं पेन मागितल्यावरून मैत्रिणीच्या अंगावर धावून गेलेली असते. पालकांना बोलावलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वयच असं आहे हो. होईल आपोआप नीट."

सगळ्यांचं आपोआप नीट होत नाही. आणि वयाकडे बोट दाखवताना, त्याच वयात मुलीच्या भोवतालचं जग तिच्याशी किती वेगळं वागायला लागतं हे आपण बघतच नाही. त्यावर बोलायला हा धागा.

दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली यांच्यात नैराश्याचं प्रमाण जवळपास सारखं असतं. बाराव्या वर्षाच्या आसपास फरक पडू लागतो. रेचेल सॉल्क, जॅनेट हाइड आणि लिन अब्रॅमसन या मानसशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये नव्वदहून अधिक देशांमधली माहिती एकत्र करून तपासली. तेरा ते पंधरा या वयात ही तफावत सर्वांत जास्त, म्हणजे साधारण तिपटीची निघाली. मोठेपणी ती दुपटीवर येते. अमेरिकेत सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था दर दोन वर्षांनी माध्यमिक शाळांमधल्या मुलामुलींना विचारते: गेल्या वर्षभरात सलग दोन आठवडे किंवा जास्त काळ इतकं उदास किंवा हताश वाटलं का, की नेहमीच्या काही गोष्टी करणं सोडून दिलं? २०११ मध्ये ३६ टक्के मुली हो म्हणाल्या होत्या, २०२१ मध्ये ५७ टक्के. मुलग्यांमध्ये २०२१ चा आकडा २९ टक्के होता. हो म्हणणाऱ्या प्रत्येकीला आजार आहे असं नाही, पण निम्म्याहून जास्त मुली असं सांगत असतील तर ते 'वय' म्हणून बाजूला सारता येत नाही.

बाराव्या-तेराव्या वर्षी मुलग्याचं अंगण मोठं होतं. त्याला लांब जाता येतं, उशिरा येता येतं. मुलीचं त्याच वर्षी आक्रसतं. कुठे गेलीस, कुणाबरोबर, असं का बसलीस, मोठ्याने का हसलीस. कालपर्यंत जे शरीर पळायला आणि झाडावर चढायला होतं, ते अचानक सगळ्यांच्या बोलण्याचा विषय होतं. घरकामही वाढतं. युनिसेफने २०१६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार पाच ते चौदा वर्षांच्या मुली त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा घरकामात ४० टक्के जास्त वेळ घालवतात. तो वेळ खेळाचा, झोपेचा आणि काहीही न करता लोळण्याचा असतो.

एक मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) भर उकाड्यात वर्गात जॅकेट काढायची नाही. घामाने केस कपाळाला चिकटलेले, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. खेळाच्या तासाला बाकावर बसून राहायची. आळशी म्हणून शेरे मिळत होते. दोन-तीन भेटींनंतर कळलं की घरातल्याच एका मोठ्या माणसाने चार लोकांत तिच्या छातीवरून 'गमतीने' काहीतरी म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. आईसुद्धा. त्यानंतर तिचं धावणं बंद झालं, मग मैत्रिणी तुटल्या, मग झोप गेली. डोकेदुखी सगळ्यात शेवटी आली. आणि आमच्यापर्यंत पोचली ती फक्त डोकेदुखी.

तुमच्या पाहण्यातलं, अनुभवातलं लिहा. असहमती असेल तर तीही लिहा.

---

पिंपळपान

धागा काढल्याबद्दल आभार. चौदा वर्षांच्या मुलीचा बाप आहे, म्हणून जरा भीतभीतच वाचला. एक शंका आहे. या वयात हार्मोन्सचा धुमाकूळ असतो हे तर खरंच ना? मग हे सगळं समाजाच्या माथी मारणं कितपत बरोबर? शिवाय प्रत्येक रुसव्याला नैराश्य म्हटलं तर मुलगी स्वतःला आजारी समजायला लागेल अशीही धास्ती वाटते.

---

मनोगती

मी मानसोपचार करते, बरेचसे रुग्ण याच वयातले. पिंपळपान, तुमची शंका रास्त आहे.

हार्मोन्सचा वाटा आहेच, अनुवंशिकतेचाही आहे. ज्या घरात आई-वडिलांपैकी कुणाला नैराश्य झालेलं आहे तिथे मुलांना धोका जास्त. पण एवढ्यावर सगळं उलगडत नाही. ज्या मुली वर्गातल्या इतरांपेक्षा लवकर वयात येतात त्यांच्यात नैराश्य जास्त दिसतं, हे अनेक अभ्यासांत आलं आहे. हार्मोन्स तर पुढे-मागे सगळ्याच मुलींच्या शरीरात येतात. मग लवकर आलेल्यांनाच जास्त त्रास का? कारण अकरा वर्षांच्या मुलीकडे लोक सोळा वर्षांची असल्यासारखं पाहायला लागतात. मोठी मुलं मागे लागतात, शेरे येतात, घरचे बंधनं घालतात, आणि या सगळ्याला तोंड द्यायला लागणारी समज तिच्याकडे अजून आलेली नसते. शरीरात बदल होतो, पण घाव होतो तो त्या बदलाला मिळणाऱ्या वागणुकीमुळे.

रुसवा आणि आजार यांत फरक कसा करायचा? रुसलेली मुलगी मैत्रिणीचा फोन आला की खुलते. नैराश्यात असलेलीला तो फोन घ्यावासाच वाटत नाही. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ हे चालू असतं. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा होतात, झोप आणि भूक बिघडते, थकवा, लक्ष न लागणं, 'मी कुणाच्याच कामाची नाही' असं वाटणं, मरणाचे विचार. एक गोष्ट पालकांच्या हमखास नजरेतून निसटते: या वयात उदासीच्या जागी नुसती चिडचिड असू शकते. निदानाच्या निकषांतही हे मान्य केलेलं आहे. म्हणून 'उद्धट झाली आहे' अशी तक्रार आली की मी आधी झोपेबद्दल विचारते.

---

सडेतोड

एवढं खोलात जायची गरज नाही. मोबाईल काढून घ्या, निम्म्या मुली महिन्याभरात ठीक होतील. २०११ ते २०२१ हे वर आलेलं दशक नेमकं स्मार्टफोनचं आहे. मुलींवर बंधनं तर त्याआधी कितीतरी जास्त होती. तेव्हा कुठे होतं हे नैराश्य?

---

किनारा

सडेतोड, फोनचा दोष आहेच, पण 'तेव्हा कुठे होतं' याचं उत्तर आकड्यांत आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम भागात पंधरा वर्षांच्या मुलामुलींना तीच प्रश्नावली तीन वेळा दिली गेली. मानसिक ताणाच्या धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुली १९८७ मध्ये साधारण १९ टक्के होत्या, १९९९ मध्ये ३३ आणि २००६ मध्ये ४४. आयफोन बाजारात आला २००७ मध्ये. पहिल्या बारा वर्षांतली वाढ बऱ्यापैकी सुस्थितीतल्या घरांतल्या मुलींमध्ये उठून दिसत होती, आणि तिच्या मागे अभ्यासाची चिंता होती.

प्रशांत महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशाचं उदाहरणही बोलकं आहे. तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही १९९५ मध्ये आला. तिथे भरलेल्या अंगाचं कौतुक होतं, बारीक होणं ही काळजीची गोष्ट मानली जायची. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने टीव्ही आल्या आल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. खाण्याविषयी धोकादायक समजुती असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ वर गेल्या. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. ही पाहणी नैराश्याची नव्हती, पण आपल्या शरीराची लाज वाटणं हा नैराश्याकडे जाणारा मोठा रस्ता आहे.

फोनने ती लाज चोवीस तास हातात आणून दिली. २०२१ मध्ये फेसबुकमध्येच काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं उघड केली. शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटलं असं ३२ टक्के मुलींनी सांगितल्याची नोंद कंपनीच्याच कागदांत होती. एमी ऑर्बेन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या माहितीवरून दाखवलं की सोशल मीडियाचा जास्त वापर आणि त्यानंतर वर्षभराने समाधानात झालेली घट यांचा संबंध मुलींमध्ये अकरा ते तेरा या वयात ठळक आहे, मुलग्यांमध्ये चौदा-पंधराव्या वर्षी. म्हणजे पुन्हा तेच वय, ज्याबद्दल रानजाई लिहीत आहेत.

तेव्हा वापराला मर्यादा घाला, रात्री फोन खोलीबाहेर ठेवा, मला मान्य आहे. फक्त एवढं करून आपण सुटलो असं समजू नका.

---

सडेतोड

आकडे पाहिले, फोनआधीही वाढ होती हे मान्य. पण मग दुसरा प्रश्न. मुलींना कमी लेखणं हे कारण असेल, तर जिथे स्त्री-पुरुष समानता जास्त तिथे मुली जास्त सुखी हव्यात. माझ्या वाचनात आलं आहे त्याप्रमाणे उलटं आहे. समान म्हणवणाऱ्या देशांतच मुलगे-मुलींमधली दरी जास्त रुंद आहे.

---

रानजाई

चांगला प्रश्न विचारलात. तुमचं वाचन बरोबर आहे. २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय परीक्षेच्या वेळी ७३ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींकडून मिळालेल्या माहितीत तेच दिसलं, वरच्या २०१७ च्या अभ्यासातही निदान झालेल्या नैराश्याबाबत तसंच आलं.

मला त्याचा अर्थ असा लागतो: जुनं ओझं उतरलं नाही आणि नवं वर चढलं. शिकलंच पाहिजे, पहिलं आलंच पाहिजे, स्वतःच्या पायावर उभं राहिलंच पाहिजे. पण त्याबरोबर दिसायला छान, बोलायला गोड, घरात मदतीला तत्पर, कुणालाही न दुखावणारी, हेही पाहिजे. मुलगा अभ्यासात बरा असला की बाकीचं माफ असतं. मुलीला माफी कुठेच नाही. माझ्याकडे येणाऱ्या हुशार मुलींशी बोलताना हे सतत जाणवतं. त्या थकलेल्या असतात, आणि थकलो म्हणायची त्यांना चोरी असते, कारण 'तुला काय कमी आहे?'

आणि जिथे समानता कमी आहे तिथल्या मुली सुखात आहेत असंही यातून निघत नाही. युनिसेफच्या अंदाजानुसार दरवर्षी १ कोटी २० लाख मुलींची लग्नं अठरा वर्षांच्या आत होतात. शाळेत बसून भरून घेतलेल्या प्रश्नावलीत त्यातल्या किती जणी असतील?

---

झुळूक

एका कारणाचा उल्लेख अजून आला नाही म्हणून लिहिते. लैंगिक छळ आणि अत्याचार. वर सीडीसीच्या ज्या पाहणीबद्दल लिहिलंय, तिच्यात २०२१ मध्येच १४ टक्के मुलींनी सांगितलं की त्यांच्यावर कधी ना कधी शरीरसंबंधांची जबरदस्ती झाली होती. वर्गात तीस मुली असतील तर चार. लहानपणी झालेला अत्याचार हे पुढच्या नैराश्याच्या सर्वांत प्रबळ कारणांपैकी एक आहे.

मुली सांगत नाहीत कारण सांगितल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. जिने सांगितलं तिचीच शाळा बंद, तिचाच क्लास बंद, तिच्याच कपड्यांची चौकशी. ज्याने केलं तो जेवायला पंगतीत हजर. एखाद्या मुलीने विशिष्ट घरी जायला, विशिष्ट माणसाबरोबर एकटं बसायला नकार दिला, तर तिला शिष्टाचार शिकवत बसू नका. ती का नाही म्हणते आहे ते ऐका, आणि तिने सांगितलं तर पहिलं वाक्य 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' एवढंच असू द्या.

---

अबोली

इथे नुसती वाचक होते, आज लिहितेय. मी आता वीस वर्षांची आहे. चौदा ते सोळा ही वर्षं मला धड आठवत नाहीत.

माझे मार्क कधीच उतरले नाहीत. म्हणून कुणाला कळलं नाही. मी रोज रात्री वह्या पुन्हा लिहून काढायचे. एका पानावर एक शब्द खोडला गेला तरी ते पान फाडून पहिल्यापासून. आई कौतुकाने सगळ्यांना सांगायची, किती टापटीप आहे. पान पूर्ण झालं की दोन मिनिटं बरं वाटायचं, मग पुढचं पान. सकाळी दात घासायला उभी राहिले की हात उचलायला ताकद नसायची.

मैत्रिणी नव्हत्या असंही नाही. आम्ही दोघी-तिघी रात्र रात्र बोलायचो. त्याच त्या गोष्टी. ती असं का म्हणाली, तो तसं का वागला, आपणच वाईट आहोत का. बोलताना जवळ वाटायचं आणि फोन ठेवल्यावर आधीपेक्षा जास्त बुडाल्यासारखं.

माझ्याकडे लक्ष गेलं ते एका बाईंचं. त्या मार्कांबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तू शेवटचं मनापासून कधी हसलीस?" मला उत्तर देता येईना. त्यांनी ते तसंच राहू दिलं, उपदेश केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "आज कसं आहे?" रोज विचारत राहिल्या. डॉक्टरांकडे जाणं त्यातून झालं. औषध आणि बोलणं, दोन्ही लागलं.

घरी सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य: "आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो." मला ते माहीतच होतं. त्याचंच तर ओझं होतं.

---

मनोगती

अबोली, लिहिलंत हे फार मोलाचं आहे.

मैत्रिणींच्या काथ्याकुटाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर अमँडा रोझ यांनी काम केलं आहे. २००७ च्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की एकमेकींशी त्याच त्या त्रासाची उजळणी करत राहणाऱ्या मुलींची मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी उदासी व चिंताही वाढतात. मुलग्यांमध्ये मैत्री वाढली, उदासी नाही. सुझन नोलेन-हूक्सेमा यांनी त्याआधी कित्येक वर्षं दाखवून दिलं होतं की तेच ते मनात उगाळत बसण्याने नैराश्य लांबतं आणि हे स्त्रियांमध्ये जास्त आढळतं. मला यातही घडण दिसते. मुलीला रागावू नकोस, उलट बोलू नकोस, समजून घे, असं शिकवलं की रागाला बाहेर वाट उरत नाही. तो आत वळतो. पालकांनी यावरून मैत्रिणी तोडू नयेत, कृपा करून. दोघींना बोलण्याबरोबर करायलाही काही मिळू द्या, खेळ, नाटक, पोहणं, काहीही.

---

उंबरठा

माझी मुलगी तेरा वर्षांची. वरची बरीच लक्षणं जुळतात. दार लावून बसते, जेवायला बोलावलं तर "भूक नाही", जास्त विचारलं की रडते. परवा "मी नसते तर तुम्हाला बरं झालं असतं" असं म्हणाली. मी हादरून गेले. पण मरणाबद्दल थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल असं घरचे म्हणतात. आणि औषधांची सवय लागेल अशीही भीती घालतात. काय करू?

---

मनोगती

उंबरठा, आधी थेट विचारा. आजच. "तुला मरून जावंसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?" इतक्या स्पष्ट शब्दांत आणि शांतपणे. विचारल्याने विचार रुजत नाही, हे अनेक अभ्यासांतून तपासलं गेलं आहे. बहुतेक मुलींना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं ठेवू नका, घरातली सगळ्यांची औषधं आणि इजा होऊ शकेल अशा वस्तू तिच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. काही ठरवलं आहे असं ती म्हणाली तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. उत्तर 'नाही' आलं तरी या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. ती जे म्हणाली ते हलक्यात घ्यायचं नाही.

औषधाबद्दल. सौम्य त्रासात आधी समुपदेशन, विचार आणि वागण्यावर काम करणारी किंवा नात्यांवर काम करणारी उपचारपद्धती. मध्यम ते तीव्र असेल तर औषधाचा विचार होतो, आणि या वयासाठी सर्वांत भक्कम पुरावा फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा आहे. अमेरिकेत बारा ते सतरा वयाच्या ४३९ मुलामुलींवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी औषध व बोलण्याचे उपचार एकत्र घेतलेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या औषधाने ६१, नुसत्या बोलण्याने ४३, आणि औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी ३५. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र त्या मनाने बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात भेटी लवकर लवकर ठेवतात आणि घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. हे डॉक्टरांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

---

पिंपळपान

वाचतोय. काल मुलीला फक्त "बाहेर खेळायला का जात नाहीस हल्ली?" एवढं विचारलं. म्हणाली, मैदानावर मुलांचाच कब्जा असतो आणि गेलं की बघत बसतात. मला वाटत होतं तिला आवड उरली नाही. आता सोसायटीच्या बैठकीत मुलींसाठी वेळ राखून ठेवायचं बोलणार आहे.

---

किनारा

पिंपळपान, हे जरूर करा. जाता जाता एक आशेची गोष्ट. उत्तर युगांडात युद्धामुळे विस्थापितांच्या छावण्यांत राहणाऱ्या चौदा ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी गटाने बसून नात्यांविषयी, गमावलेल्या माणसांविषयी बोलण्याचे उपचार केले गेले. गट चालवणारे स्थानिक लोक होते, त्यांना त्यासाठी शिकवलं होतं. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलींचं नैराश्य लक्षणीय उतरलं. मुलग्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. इतक्या वाईट परिस्थितीतही मुलींना एकत्र बसून, नीट दिशा असलेलं बोलणं उपयोगी पडलं. शाळांमध्ये असे गट सुरू करायला काय हरकत आहे?

---

रानजाई

हरकत एकच असते, वेळापत्रकात तास नसतो. मी पुढच्या सत्रासाठी मागते आहे. मिळाला की इथे लिहीन.

---

उंबरठा

विचारलं. बराच वेळ गप्प होती, मग "कधी कधी वाटतं, पण काही करणार नाही" म्हणाली आणि माझ्या कुशीत येऊन रडली. औषधांचा डबा कपाटात कुलपात ठेवला आहे. परवाची वेळ मिळाली. पण ती म्हणते, "तू आत यायचं नाहीस." हे चालतं का? मला कळायला नको का काय झालंय ते?

---

मनोगती

चालतं, आणि तसंच हवं असतं. थोडा वेळ दोघींशी एकत्र, मग तिच्याशी एकटीशी, असं आम्ही करतो. तिने सांगितलेलं सगळं तुम्हाला सांगितलं जाणार नाही, तरच ती बोलेल. जिवाला धोका असेल किंवा कुणी तिला इजा करत असेल तर मात्र ते लपवून ठेवलं जात नाही, आणि हे तिलाही सुरुवातीलाच सांगतात. तिने तुम्हाला जे सांगितलं ते डॉक्टरांच्या कानावर तुम्ही आधीच घाला, तिला सांगून. मधल्या दोन रात्री तिच्या जवळच झोपा. परत येताना "काय बोललीस?" असं विचारू नका. तिला भूक लागली आहे का ते विचारा.